कायद्याच्या इतिहासकाराची पत्रे कशी वाचावीत? : एफ. डब्ल्यू. मेटलंड यांचा व्यावसायिक पत्रव्यवहार

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला
- विद्वानाच्या व्यावसायिक पत्रव्यवहाराचे मुख्य प्रकार सांगता येतील;
- पत्र हे इतिहासाचे साधन म्हणून कोणत्या बाबतीत भरवशाचे आणि कोणत्या बाबतीत कच्चे असते, हे ओळखता येईल;
- मेटलंड यांच्या पत्रांतील दोन प्रसंगांच्या आधारे श्रेय आणि पुरावा यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
- कोणत्याही पत्राला विचारायचे सहा प्रश्न वापरता येतील.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. व्यावसायिक संप्रेषण हा विषय बरीच वर्षे माझ्याकडे आहे. या विषयात आपण पत्राचा मायना, विषयाची ओळ, मजकुराची मांडणी आणि समारोप शिकतो. परीक्षेत दहा गुणांचे एक पत्र लिहितो आणि विसरून जातो. पत्रव्यवहारातून ज्ञान कसे तयार होते, हा भाग मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

छापून आलेले पुस्तक हे बांधून पूर्ण झालेल्या इमारतीसारखे असते. पायासाठी किती खणावे लागले, कोणती भिंत पाडून पुन्हा बांधली, कोणाच्या सांगण्यावरून नकाशा बदलला, हे इमारतीकडे पाहून कळत नाही. विद्वानाच्या पुस्तकाबाबत ही माहिती त्याच्या पत्रांतून मिळते. म्हणून या घटकात आपण एकाच विद्वानाची पत्रे जवळून पाहू. ते विद्वान म्हणजे इंग्लंडच्या कायद्याचे इतिहासकार फ्रेडरिक विल्यम मेटलंड (१८५०–१९०६).

मेटलंड यांची पत्रे दोन खंडांत प्रसिद्ध झाली आहेत. पहिला खंड सी. एच. एस. फिफूट यांनी १९६५ साली आणि दुसरा पॅट्रिक झुत्शी यांनी १९९५ साली संपादित केला. लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ नव्वद वर्षे त्याची पत्रे शोधली आणि छापली जातात, यावरूनच त्यांचे मोल लक्षात यावे.

२. मेटलंड यांचा थोडक्यात परिचय

मेटलंड यांचा जन्म लंडनचा आणि शिक्षण केंब्रिजचे. १८७६ साली ते बॅरिस्टर झाले. मालमत्तेच्या हस्तांतरणाचे दस्त तयार करणे हा त्यांच्या वकिलीचा मुख्य भाग होता. जुन्या दस्तांतील शब्द असेच का, या प्रश्नाचा माग काढणारा माणूस आपोआप इतिहासाकडे वळतो. १८८४ साली ते केंब्रिजमध्ये कायद्याचे अध्यापक झाले आणि १८८८ साली तेथेच डाउनिंग प्राध्यापकपदी आले. सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासोबतचा त्यांचा मोठा ग्रंथ, पहिल्या एडवर्डच्या आधीच्या इंग्लिश कायद्याचा इतिहास, १८९५ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

भारतातील विद्यार्थ्याने हे का वाचावे? आपल्याकडील न्यायालयीन पद्धती, करार, अपकृत्य आणि विश्वस्त व्यवस्था यांविषयीचा बराचसा कायदा इंग्लिश कायद्याच्या वाटेने आला आहे. दुसरा धागा आणखी जवळचा आहे. मेटलंड यांचे सहलेखक पोलॉक यांनी १८९४ साली कलकत्ता विद्यापीठाची टागोर विधी व्याख्याने दिली. पुढे १९०५ साली मुंबईचे विधिज्ञ दिनशा मुल्ला यांच्या साहाय्याने त्यांनी भारतीय करार अधिनियमावरील भाष्य प्रसिद्ध केले. ‘पोलॉक अँड मुल्ला’ हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही परिचित आहे. म्हणजे ज्या नावाशी आपली गाठ करार कायद्याच्या तासाला पडते, तेच नाव मेटलंड यांच्या पत्रांत वारंवार भेटते.

३. पत्रांची गरज का पडत होती?

मध्ययुगीन इंग्लंडच्या राजाच्या न्यायालयांत चाललेल्या खटल्यांच्या नोंदी चर्मपत्रांच्या भेंडोळ्यांवर लिहिल्या जात. बाराव्या शतकाच्या अखेरीपासूनची अशी भेंडोळी टिकून आहेत. मेटलंड यांच्या काळी ती लंडनच्या सार्वजनिक अभिलेखागारात होती. त्यांची भाषा लॅटिन, तीही अक्षरे गाळून संक्षेपाने लिहिलेली. फार थोडी भेंडोळी छापली गेली होती. याशिवाय अनेक हस्तलिखिते ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या ग्रंथालयांत विखुरलेली होती.

अशा स्थितीत एकट्याने सगळे पाहणे अशक्य होते. कोणत्या हस्तलिखितात काय आहे, एखादा शब्द असाच वाचायचा का, हा मुद्दा आधी कोणी मांडला आहे का, हे विचारायला पत्र हेच साधन होते. मेटलंड यांची पत्रे मॉस्कोला पॉल व्हिनोग्रॅडॉफ यांच्याकडे जात. अमेरिकेत जेम्स बार एम्स, जेम्स ब्रॅडली थेअर आणि मेलव्हिल बिगेलो यांच्याकडे जात. इंग्लंडमध्ये पोलॉक आणि ऐतिहासिक नियतकालिकाचे संपादक आर. एल. पूल यांच्याकडे जात. कायद्याचा इतिहास हा नव्याने उभा राहणारा विषय होता. त्याचे विभाग, परिषदा, संशोधनपत्रिका अजून पुरेशा नव्हत्या. त्या काळी विषयाचा विभाग बऱ्याच अंशी टपालातच भरत होता, असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

४. व्यावसायिक पत्रांचे प्रकार

मेटलंड यांची कामाची पत्रे सोयीसाठी चार गटांत विभागता येतात.

(अ) साधनांविषयीची पत्रे: हस्तलिखिते, वाचनभेद, तारखा, शंका.
(आ) लेखनाविषयीची पत्रे: मसुद्यावरील मत, सहलेखकाशी कामाची वाटणी, मुद्रिते.
(इ) संस्थेची पत्रे: वर्गणीदार, संपादक, छापखाना, हिशेब.
(ई) पदांविषयीची पत्रे: शिफारस, निवड, नकार.

चौथ्या गटातील एक प्रसंग येथेच सांगून टाकू. १९०२ साली लॉर्ड ॲक्टन यांच्या निधनानंतर केंब्रिजमधील आधुनिक इतिहासाचे मानाचे राजनियुक्त प्राध्यापकपद मेटलंड यांना देऊ करण्यात आले. त्यांनी प्रकृतीच्या कारणाने ते नाकारले. पहिल्या तीन गटांकडे आता सविस्तर पाहू.

५. प्रसंग पहिला: ब्रॅक्टनची टिपणवही आणि एका रविवारची गोष्ट

तेराव्या शतकातील न्यायाधीश हेन्री ब्रॅक्टन यांच्या नावावर इंग्लंडच्या कायद्यावरचा एक मोठा लॅटिन ग्रंथ आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात प्रत्यक्ष निकाली निघालेल्या सुमारे पाचशे खटल्यांचे दाखले आहेत. त्या काळच्या ग्रंथात असे क्वचितच आढळते. मग हे दाखले ब्रॅक्टन यांनी जमवले कुठून?

रशियन इतिहासकार व्हिनोग्रॅडॉफ तेव्हा संशोधनासाठी इंग्लंडला आले होते. ब्रिटिश म्युझियममधील एका हस्तलिखितात त्यांना सुमारे दोन हजार खटल्यांचा संग्रह सापडला. काही खटल्यांच्या समासात टिपा होत्या आणि त्या टिपा ब्रॅक्टनच्या ग्रंथाशी जुळत होत्या. हा संग्रह ब्रॅक्टन यांच्यासाठी तयार झालेला असावा, असे व्हिनोग्रॅडॉफ यांनी जुलै १८८४ मध्ये ‘अथेनियम’ या नियतकालिकात पत्र लिहून जाहीर केले. हा शोध विद्वानांपुढे आला तो शोधनिबंधातून नव्हे, पत्रातून, हे लक्षात घ्या. मेटलंड यांनी तो संपूर्ण संग्रह संपादित करून १८८७ साली तीन खंडांत छापला. मूळ शोधाचे श्रेय त्यांनी प्रस्तावनेत व्हिनोग्रॅडॉफ यांना स्पष्टपणे दिले.

आता गोष्टीकडे वळू. मेटलंड यांच्या मृत्यूनंतर १९१० साली त्यांचे मेहुणे, इतिहासकार एच. ए. एल. फिशर यांनी त्यांचे छोटे चरित्र लिहिले. त्यात एक सुंदर प्रसंग आहे. ११ मे १८८४, रविवार. ऑक्सफर्डच्या बागेत मेटलंड आणि व्हिनोग्रॅडॉफ गवतावर पडून बोलत आहेत. लंडनच्या अभिलेखागारात केवढा खजिना पडून आहे, हे परदेशी पाहुणा इंग्रज वकिलाला सांगतो. दुसऱ्याच दिवशी मेटलंड लंडन गाठतात, ग्लूस्टर परगण्याचे जुने भेंडोळे मागवतात आणि इतिहासकार होतात.

ही गोष्ट अनेक वर्षे तशीच सांगितली गेली. परंतु मेटलंड यांचे १८९१ सालचे व्हिनोग्रॅडॉफ यांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आपल्या आयुष्याची दिशा ठरली ती आपण दोघे रविवारच्या पायी भटकंतीत भेटलो त्या दिवशी, असा त्याचा आशय आहे. ही भटकंती म्हणजे लेस्ली स्टीफन यांनी चालवलेली मित्रमंडळींची रविवारची लांब पायपीट. ती ऑक्सफर्डच्या बागेतील भेट नव्हे. दोघांची ही पहिली भेट १८८४ सालच्या सुरुवातीची. शिवाय ग्लूस्टरच्या १२२१ सालच्या फौजदारी खटल्यांवरील मेटलंड यांचे पुस्तक १८८४ सालीच प्रसिद्ध झाले. लॅटिन भेंडोळे वाचायला शिकणे, नक्कल करणे, प्रस्तावना लिहिणे आणि छपाई, हे सगळे मे महिन्यानंतर सुरू होऊन त्याच वर्षी संपले, हे मानायला जड जाते. प्लकनेट यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी तारखा तपासून दाखवले, की मेटलंड त्या मे महिन्याच्या आधीच अभिलेखागारातील कामाला लागले होते.

मग फिशर खोटे बोलले का? तसे म्हणण्याचे कारण नाही. फिशर जवळचे नातेवाईक होते. प्रसंगाला २६ वर्षे लोटली होती आणि आठवण व्हिनोग्रॅडॉफ यांची होती. दोन वेगवेगळ्या रविवारांचा आठवणीत एक रविवार होणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र मेटलंड यांचे पत्र जपले गेले नसते, तर या सुंदर गोष्टीला तपासायला आपल्याकडे एक महत्त्वाचा पुरावा कमी पडला असता.

पण पत्रालाही आंधळेपणाने मानू नका. १८९१ सालचे पत्र घटनेनंतर सात वर्षांनी, उपकाराची जाणीव असलेल्या मित्राने मित्राला लिहिले आहे. कृतज्ञतेच्या भावनेबद्दल ते उत्तम साक्ष देते. पण त्या दिवसाआधी मेटलंड यांना जुन्या कायद्यात रस नव्हता, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आयुष्याचे वळण आपण बहुतेक वेळा मागे वळून पाहतानाच ठरवत असतो.

६. प्रसंग दुसरा: मुखपृष्ठावर दोन नावे

१८९५ सालच्या मोठ्या ग्रंथावर पोलॉक आणि मेटलंड अशी दोन नावे आहेत, आणि पोलॉक यांचे नाव आधी आहे. आजही तो ग्रंथ ‘पोलॉक अँड मेटलंड’ म्हणून ओळखला जातो. केवळ मुखपृष्ठ पाहणारा समजेल की काम निम्मे-निम्मे झाले.

१८९२ च्या सुमारास मेटलंड यांनी व्हिनोग्रॅडॉफ यांना लिहिलेल्या पत्रातून वेगळे चित्र दिसते. पोलॉक यांनी अँग्लो-सॅक्सन कायद्यावरचे प्रकरण लिहून दिले होते. ते आपल्याला फारसे आवडलेले नाही, असे मेटलंड आपसातली गोष्ट म्हणून कळवतात. पुढच्या कालखंडाचे लेखन आपण वेगाने उरकत आहोत, म्हणजे सहलेखकाच्या वाट्याला फारसे काही उरणार नाही, असेही सुचवतात. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा प्रस्तावनेच्या शेवटी पोलॉक यांनी स्वतः टीप जोडली, की आराखडा दोघांचा असला तरी लेखन आणि संशोधन यांचा फार मोठा वाटा मेटलंड यांचा आहे.

या तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहा: मुखपृष्ठ, खासगी पत्र आणि पोलॉक यांची छापील टीप. मुखपृष्ठावरून कामाची वाटणी कळत नाही. पत्रातून वाटणी कळते, पण एकाच बाजूने आणि थोड्या कुरकुरीच्या सुरात. टीप ही ज्याचे श्रेय कमी होणार होते त्याच माणसाने लिहिलेली आहे. स्वतःच्या तोट्याचे विधान करणारा साक्षीदार जास्त विश्वासार्ह मानला जातो, हे तत्त्व पुराव्याच्या कायद्यालाही ठाऊक आहे. पत्र आणि टीप एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून आपला निष्कर्ष पक्का होतो. केवळ पत्रावर विसंबलो असतो, तर कदाचित पोलॉक यांच्यावर अन्याय केला असता. त्यांनी श्रेय मोकळ्या मनाने देऊन टाकले, ही बाब पत्रातून कधीच कळली नसती.

येथे माझ्या वर्गातील अनुभव सांगतो. अंतिम वर्षाच्या एका प्रकल्प अहवालावर चार नावे होती आणि तोंडी परीक्षेत चौघेही सफाईने बोलले. नंतर मी मोजमापांची वही चाळली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच मुलीचे अक्षर होते. मी चौघांना सारखेच गुण देऊन बसलो होतो आणि ती काही बोलली नव्हती. तेव्हापासून मी आधी वही पाहतो, मग अहवाल. मेटलंड यांची पत्रे ही अशीच वही आहे. काम कोणी केले, कोणाला विचारून केले आणि कुठे अडले, हे तिच्यात राहते.

७. संस्था, प्रकृती आणि टपाल

१८८७ साली इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासाची साधने छापण्यासाठी सेल्डन सोसायटी स्थापन झाली. मेटलंड हे तिचे प्राण होते. पहिला खंड त्यांनीच संपादित केला आणि पुढच्या अनेक खंडांची जबाबदारी घेतली. वर्गणीदारांच्या पैशांवर चालणाऱ्या अशा संस्थेत विद्वत्तेइतकाच चिकाटीचा पत्रव्यवहार लागतो. संपादकाला मुदतीची आठवण करून द्यायची, छापखान्याला उत्तर द्यायचे, अमेरिकेतील सभासद टिकवायचे. ही पत्रे वाचायला रूक्ष वाटतात, पण त्यांच्याशिवाय एकही खंड निघाला नसता.

मेटलंड यांची प्रकृती नाजूक होती. १८९८ पासून ते बहुतेक हिवाळे अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांवर काढत. हस्तलिखिते इंग्लंडमध्ये आणि संपादक बेटावर, अशी अवस्था झाली. तरीही दुसऱ्या एडवर्डच्या काळातील खटल्यांच्या वार्षिक वृत्तांतांचे संपादन त्यांनी याच काळात हाती घेतले. १९०३ सालच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्या वृत्तांतांतील वकिली फ्रेंच भाषेचे व्याकरणच मांडले. १९ डिसेंबर १९०६ रोजी लास पाल्मास येथे त्यांचे निधन झाले. या मालेचा चौथा खंड १९०७ साली जी. जे. टर्नर यांच्या सहसंपादनात बाहेर आला. माणूस गेला तरी काम पुढे जाऊ शकले, कारण ते कधी एकट्याच्या टेबलावर बंदिस्त नव्हतेच.

८. दुसऱ्याच्या कामाची वाट पाहणे

पत्रव्यवहारात असलेल्या विद्वानाला एक गोष्ट आधी कळते: दुसरा कोण कशावर काम करत आहे. या माहितीचे काय करायचे, यात माणसाची कसोटी लागते. १८९७ सालच्या डूम्सडे बुकवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत मेटलंड सांगतात, की त्यातील बराच भाग मूळचा १८९५ च्या ग्रंथासाठी लिहिलेला होता. परंतु जे. एच. राउंड यांचा याच विषयाशी संबंधित ग्रंथ येऊ घातला आहे हे ठाऊक असल्याने आपण थांबलो, आणि थांबलो हे बरेच झाले. घाईने छापून पुढे जाण्याची संधी त्यांना होती. त्यांनी ती घेतली नाही, आणि तसे लिहूनही ठेवले.

९. पत्र वाचण्याची पद्धत

इतिहासलेखनशास्त्रात साधनचिकित्सेचे दोन भाग असतात. बहिरंग परीक्षणात साधन अस्सल आहे का, ते कधीचे आणि कोणाचे, हे पाहतात. अंतरंग परीक्षणात त्यातील मजकूर कितपत खरा, हे पाहतात. पत्रासाठी हे दोन्ही पुढील सहा प्रश्नांत बसवता येते.

१. पत्राची तारीख कोणती, आणि त्यात सांगितलेल्या घटनेपासून ते किती दूर आहे?
२. ते कोणाला लिहिले आहे? हीच गोष्ट दुसऱ्या माणसाला लिहिताना सूर बदलला असता का?
३. लिहिणाऱ्याला काही मिळवायचे, टाळायचे किंवा झाकायचे आहे का?
४. उत्तर उपलब्ध आहे का? की आपण संभाषणाची एकच बाजू ऐकत आहोत?
५. हे पत्र टिकले कसे? कोणी जपले, कोणी निवडले, कोणी छापले?
६. पत्राबाहेरचा कोणता पुरावा त्याला दुजोरा देतो किंवा छेद देतो?

चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मेटलंड यांच्या दोन्ही खंडांत त्यांनी लिहिलेली पत्रे आहेत. त्यांना आलेल्या पत्रांचा आवाज आपल्याला अंदाजानेच ऐकावा लागतो. याउलट अमेरिकन न्यायाधीश ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि पोलॉक यांचा पत्रव्यवहार १९४१ साली प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही बाजू आहेत. एकतर्फी आणि दुतर्फी संग्रह वाचताना निष्कर्षाची धार सारखी ठेवून चालत नाही.

एक नैतिक प्रश्नही आहे. आपसात म्हणून लिहिलेले वाक्य आपण आज वर्गात वाचतो. पोलॉक १९३७ साली वारले आणि फिफूट यांचा खंड १९६५ सालचा. सर्व संबंधित व्यक्ती गेल्यानंतर असे पत्र छापणे अभ्यासाला धरून आहे, पण ते वाचून एखाद्याची खिल्ली उडवणे नाही. खासगी पत्र वाचण्याची परवानगी मिळाली, की न्यायाने वाचण्याची जबाबदारीही अंगावर येते.

१०. सारांश

विद्वानाचा व्यावसायिक पत्रव्यवहार हा त्याच्या कामाचाच भाग असतो. मेटलंड यांच्या पत्रांतून आपण पाहिले, की एका पत्राने लोकप्रिय आख्यायिका तपासता आली, दुसऱ्याने मुखपृष्ठामागची कामाची वाटणी दाखवली आणि रोजच्या रूक्ष पत्रांनी एक संस्था उभी ठेवली. पत्र ही साक्ष आहे, निकाल नव्हे. बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहिल्यावरच ते उपयोगी पडते. आणि तुमच्यासाठी एक व्यावहारिक सूचना: गटात काम करताना कोणाची मदत झाली, कोणती शंका कोणी दूर केली, हे त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा, मग ते ईमेलमध्ये असो वा वहीत. न बोलणाऱ्या सहकाऱ्याचे श्रेय पुष्कळदा एवढ्याच नोंदीवर टिकून असते.

स्वाध्याय

१. फिशर यांनी सांगितलेला प्रसंग आणि १८९१ सालचे पत्र यांत तफावत कोणती? कोणते साधन कशासाठी अधिक विश्वासार्ह आहे, ते सकारण लिहा.
२. ‘मुखपृष्ठ हा श्रेयाचा पुरेसा पुरावा नाही.’ पोलॉक आणि मेटलंड यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. एकतर्फी पत्रसंग्रह वाचताना कोणती काळजी घ्यावी?
४. उपक्रम: तुमच्या गटाच्या एखाद्या प्रकल्पातील दहा ईमेल किंवा संदेश, सर्वांच्या संमतीने, घ्या. विभाग ९ मधील सहा प्रश्न लावून प्रत्येकाचा वाटा एका पानात मांडा आणि तो अंतिम अहवालाशी ताडून पाहा.